क्लाउड बिलावर ‘तीस टक्के बचत’ विकणारे ब्रोकर: परीक्षण, हिशेबासकट

“बिल तीस टक्क्यांनी खाली आणतो, आगाऊ एक रुपया नको, नको वाटलं तर कधीही बाहेर पडा.” क्लाउड ब्रोकरचा माणूस भेटायला आला की पहिल्या दहा मिनिटांत ही तीन वाक्यं येतातच. तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पण तशी ती असतील तर मधे कुणीतरी जोखीम उचललेली असते, आणि ती नेमकी कुणी उचलली आहे हे कराराच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. ‘क्लाउड ब्रोकर’ या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या सेवा विकल्या जातात: बिल स्वतःच्या नावावर घेऊन सवलत देणारा रीसेलर, बचतीतला हिस्सा घेऊन तुमच्याच खात्यात खरेदी करणारा, आणि न वापरलेली कमिटमेंट (आधी बांधून दिलेला वापर) परत घेण्याची हमी देणारा. तिघांनाही इथे एकच माप लावलं आहे: बांधून घेतलेले पण न वापरलेले तास कुणाच्या खिशातून जातात?

माल काय आहे

एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या क्लाउड सेवेवर, सर्व्हर तासाच्या भावाने घेतला की तो ऑन-डिमांड. तोच एक किंवा तीन वर्षं घेणारच असं बांधून दिलं की भाव उतरतो. २००९ मध्ये रिझर्व्ह्ड इन्स्टन्स आले, ज्यांना सगळे आरआय म्हणतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सेव्हिंग्ज प्लॅन आले. प्लॅनमध्ये ‘दर तासाला इतके डॉलर खर्च करीन’ असं वचन असतं. एका रीजनमधल्या (एका भौगोलिक केंद्रातल्या) एकाच इन्स्टन्स फॅमिलीला, म्हणजे मशीनच्या एका प्रकाराला, बांधून घेतलं तर सवलत ७२ टक्क्यांपर्यंत. कुठल्याही फॅमिलीला, शिवाय फार्गेट आणि लॅम्डा या सर्व्हर न सांभाळता चालणाऱ्या सेवांनाही लागू होणारा कम्प्यूट प्लॅन घेतला तर ६६ टक्क्यांपर्यंत. ब्रोकरच्या सादरीकरणात हे आकडे ठळक असतात आणि ‘पर्यंत’ हा शब्द बारीक. कमाल सवलत तीन वर्षांच्या, निवडक मशीनवरच्या करारालाच मिळते. वर्षभराचा, आगाऊ काही न भरता घेतलेला कम्प्यूट प्लॅन नेहमीच्या मशीनवर विशी-तिशीच्या दरम्यान कुठेतरी असतो. खालच्या हिशेबात २८ टक्के धरले आहेत.

मेख अशी की वचन तासाचं असतं. रात्री तीन ते चारमध्ये न वापरलेले पैसे सकाळी दहाला वापरता येत नाहीत. तास संपला, पैसे बुडाले. म्हणून २८ टक्के सवलतीचा प्लॅन तेव्हाच फायद्याचा, जेव्हा बांधून घेतलेली क्षमता ७२ टक्क्यांहून अधिक तास खरोखर कामात असते. सवलत ५० टक्के असेल तर निम्म्याहून अधिक तास. शंभरातून सवलत वजा करा, तो तुमचा ना-नफा-ना-तोटा बिंदू. ब्रोकरची सगळी कमाई आणि सगळी डोकेदुखी या एका वजाबाकीत आहे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. कंपनीला रात्रंदिवस ४० सर्व्हर लागतात, आणि सकाळी आठ ते रात्री आठ १०० लागतात. सर्व्हरचा ऑन-डिमांड भाव सोयीसाठी तासाला १० रुपये धरू. दिवसाचं बिल १६,८०० रुपये. आता फक्त ४० सर्व्हरपुरता प्लॅन घेतला, तर त्यांचे ६,९१२ रुपये आणि दिवसाच्या वरच्या ६० सर्व्हरचे ऑन-डिमांड ७,२०० रुपये, मिळून १४,११२. बचत १६ टक्के.

आणि उत्साहाने शंभरच्या शंभर सर्व्हर बांधून घेतले तर? चोवीस तास, शंभर सर्व्हर, ७.२० रुपये भाव: १७,२८० रुपये. म्हणजे काहीच न घेतल्यापेक्षा ४८० रुपये जास्त! सवलत २८ टक्के, कव्हरेज (वापरातला प्लॅनखाली आलेला भाग) १०० टक्के, आणि व्यवहार आतबट्ट्याचा. कारण वरचे ६० सर्व्हर फक्त निम्मे तास चालतात आणि त्यांना ७२ टक्के चालणं भाग होतं. तीन वर्षांचा ५० टक्के सवलतीचा प्लॅन घेतला तर ४० बांधा किंवा १०० बांधा, दोन्हीकडे बिल १२,००० रुपयेच येतं. म्हणजे वरचे ६० बांधून हाती काही लागत नाही, फक्त तीन वर्षांची बेडी पायात पडते.

ब्रोकर तुम्हाला ‘कव्हरेज’ दाखवत असेल तर त्याला थांबवून खरी बचत विचारा. सगळा वापर ऑन-डिमांड भावाने मोजा, त्यातून प्रत्यक्ष दिलेले पैसे वजा करा, त्यात वाया गेलेले तास आणि ब्रोकरची फी दोन्ही धरा. वरच्या पहिल्या पर्यायात कव्हरेज ५७ टक्के आहे आणि खरी बचत १६. हा १६ चा आकडा सादरीकरणात सहसा नसतो.

ब्रोकरचा नफा कुठून येत होता

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्येच क्लाउड ब्रोकरची व्याख्या करताना मध्यस्थी, एकत्रीकरण आणि आर्बिट्राज (अनेक पुरवठादारांतून निवडून सेवा देणं) अशी तीन कामं सांगितली होती. पैसा मुख्यतः शेवटच्या दोनांत होता. वरच्या उदाहरणातले ६० सर्व्हर रात्री रिकामे असतात. ब्रोकरकडे दुसरं गिऱ्हाईक आहे, ज्याचं काम अमेरिकेच्या वेळेप्रमाणे चालतं आणि ज्याला हेच ६० रात्री आठ ते सकाळी आठ लागतात. दोघांची खाती एकाच पेअर (बिल भरणाऱ्या) अकाउंटखाली असली की एकाचा न वापरलेला तास आपोआप दुसऱ्याच्या वापराला लागतो. ब्रोकरने ६० सर्व्हर चोवीस तासांसाठी घेतले, खर्च १०,३६८ रुपये. दोघांना १५ टक्के सवलतीने विकले, वसुली १२,२४० रुपये. दिवसाचा नफा १,८७२ रुपये, दोन्ही गिऱ्हाइकं खूश.

आता रात्रीचं गिऱ्हाईक निघून गेलं. वसुली निम्मी, ६,१२०. खर्च तोच, १०,३६८. दिवसाचा तोटा ४,२४८ रुपये. तोट्याचा एक दिवस नफ्याचे सव्वादोन दिवस खातो. वर्षाच्या प्लॅनमध्ये हे गिऱ्हाईक किमान आठ महिने दहा दिवस टिकलं तर ब्रोकर तगतो, त्याआधी गेलं तर त्याला पदरमोड करावी लागते. कोकणात मोहोर बघून हापूसची बाग घेणाऱ्या व्यापाऱ्याचं गणितही असंच असतं: मोहोर गळाला तर पैसे त्याचे जातात, म्हणून तर आंबा टिकल्यावरचा नफाही त्याचा. यात वावगं काही नाही. अनेक गिऱ्हाइकांचे चढउतार एकमेकांत जिरवणं हे खरं काम होतं, आणि ते चोख करणाऱ्या ब्रोकरला १३ टक्के मिळाले तर ते मेहनतीचेच होते.

पण १ जून २०२५ पासून एडब्ल्यूएसने हा रस्ता बंद केला. रीसेलरने घेतलेले आरआय आणि सेव्हिंग्ज प्लॅन एकाच अंतिम ग्राहकाच्या वापराला लावायचे, अनेक ग्राहकांत वाटायचे नाहीत, असा नियम आला. त्याआधी, १५ जानेवारी २०२४ पासून, घाऊक सवलतीने घेतलेले आरआय मार्केटप्लेसवर (एडब्ल्यूएसच्या आरआय पुनर्विक्रीच्या बाजारात) पुन्हा विकायलाही बंदी झाली होती. म्हणजे माल साठवायचा गाळा गेला आणि उरलेला माल विकायचा बाजारही आकसला.

तरीही ‘तीस टक्के’ हे वाक्य तेच राहिलं आहे. मग जोखीम गेली कुठे? बऱ्याच नव्या करारांत ती गुपचूप तुमच्याकडे सरकलेली दिसते. ‘किमान मासिक वापर’, ‘शॉर्टफॉल (कमी पडलेल्या वापराचा) आकार’, ‘कमिटमेंटची उर्वरित रक्कम ग्राहकाने भरावी’ अशा नावांनी ती येते. शॉर्टफॉल तुम्ही भरणार असाल तर ब्रोकरने कमावलेला हिस्सा कशाबद्दलचा, हा प्रश्न बैठकीतच विचारायचा.

पहिली सेवा: बिल आपल्या नावावर घेणारा रीसेलर

गंमत म्हणजे ही सेवा लोक बचतीसाठी कमी आणि कटकट टाळण्यासाठी जास्त घेतात, आणि ते कारण रास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १५,००० रुपयांवरच्या आवर्ती कार्ड-व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागतो. कार्डधारक संचालक विमानात असेल तर पैसे भरायचे राहतात आणि थकबाकीचे मेल सुरू होतात. रीसेलर रुपयांत बिल देतो, ३० किंवा ४५ दिवसांची उधारी देतो, फोन उचलतो. छोट्या कंपनीला यातली उधारी कधीकधी सवलतीपेक्षा मोलाची असते.

आता दुसरी बाजू. रीसेलर सहसा तुमचं खातं स्वतःच्या संस्थेखाली (एडब्ल्यूएसवरच्या खात्यांच्या गटात) लिंक्ड अकाउंट म्हणून घेतो. मग मॅनेजमेंट अकाउंट, म्हणजे गटाचं मुख्य खातं, त्याचं, त्यामुळे तुमच्या खात्यावर मर्यादा घालणारी धोरणं लावायची सत्ता त्याची. त्याच्या नावावर घेतलेले प्लॅन तुम्ही बाहेर पडताना तिथेच राहतात, म्हणजे सुटल्याच्या दिवशी तुमचं बिल पुन्हा ऑन-डिमांडवर येतं. त्याच्या संस्थेत असतानाचा कॉस्ट एक्स्प्लोरर या एडब्ल्यूएसच्या खर्च दाखवणाऱ्या साधनातला इतिहासही बाहेर पडल्यावर तुम्हाला दिसत नाही. पुढच्या ब्रोकरशी बोलताना हातात आकडेच नसतील तर घासाघीस कसली करणार? म्हणून पहिल्या दिवसापासून खर्चाचा तपशीलवार रिपोर्ट आपल्या स्वतःच्या एस-थ्री बकेटमध्ये (एडब्ल्यूएसवरच्या फाइलसाठ्यात) उतरेल अशी व्यवस्था लावून घ्या. रीसेलर ‘आमच्या डॅशबोर्डवर सगळं आहे’ म्हणेल. त्या डॅशबोर्डवर त्याने लावलेले भाव असतात, एडब्ल्यूएसचे नव्हे.

यावर एक बरा उपाय अलीकडे आला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एडब्ल्यूएसने ‘बिलिंग ट्रान्सफर’ ही सोय दिली: संस्था आणि मॅनेजमेंट अकाउंट तुमचंच राहतं, फक्त बिल रीसेलरकडे जातं. नवीन करार करताना हीच रचना मागा. जो रीसेलर ‘त्यात आमची सवलत बसत नाही’ म्हणतो त्याला कारण लेखी द्यायला सांगा.

रुपयाचा दरही बघायचा. एडब्ल्यूएसचे भाव डॉलरमध्ये, बिल रुपयांत. मधला विनिमय दर रीसेलर कोणता लावतो? डॉलर ८५ असताना त्याने ८६ लावला तर तिथेच सव्वा टक्क्याच्या आसपास गेला, आणि रीसेलरची जाहीर सवलत तीन टक्के असेल तर तिचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग असाच हवेत जातो. करारात ‘अमुक बँकेचा, अमुक तारखेचा दर’ असं नाव घेऊन लिहून घ्या. तीन वर्षांच्या प्लॅनमध्ये रुपया घसरण्याची जोखीम तर जवळजवळ नेहमीच तुमची असते, कारण वचनच डॉलरमध्ये दिलेलं असतं.

सगळ्यात महाग पडणारी गोष्ट मात्र जीएसटी. बिलावर १८ टक्के कर लागतो आणि त्याचं इनपुट क्रेडिट तुम्हाला तेव्हाच मिळतं, जेव्हा विक्रेत्याने स्वतःचं विवरण भरलेलं असतं आणि ते बीजक तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये (तुमच्या खरेदी-बीजकांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत) दिसतं. १ जानेवारी २०२२ पासून ही अट कायद्यातच आहे. वरच्या उदाहरणातली खरी बचत १६ टक्के होती. रीसेलरने विवरण लांबवलं तर १८ टक्के अडकले! थेट एडब्ल्यूएसच्या भारतीय कंपनीकडून बिल घेताना ही भीती सहसा नसते. म्हणून पैसे सोडण्याआधी दर महिन्याला २बीशी जुळणी, आणि बीजक दिसेपर्यंत कराइतकी रक्कम रोखून धरण्याचा हक्क, एवढं कलम अकाउंटंटकडून घालून घ्याच.

रीसेलर स्वतः एडब्ल्यूएसचं देणं थकवू शकतो, आणि तसं झालं तर तुमचे पैसे वेळेवर भरलेले असूनही तुमच्या खात्यावर गदा येऊ शकते. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) संकेतस्थळावर १०० रुपये भरून त्याच्या कंपनीचे ताळेबंद बघता येतात. भांडवल किती, देणी किती, बँकेचा बोजा किती. मासिक ८ लाखांचं बिल ज्याच्या हवाली करायचं त्याचं भांडवल एक लाख असेल तर विषय तिथेच मिटवा.

मत: सोयीसाठी घ्यायची सेवा. बचतीसाठी नाही.

दुसरी सेवा: बचतीत हिस्सा

इथे खातं तुमचं, बिल थेट तुम्हाला, ब्रोकरचं सॉफ्टवेअर तुमच्या खात्यात प्लॅन विकत घेतं आणि झालेल्या बचतीतून ठरलेला हिस्सा घेतं. तिन्हींत सर्वांत स्वच्छ रचना ही, पण हिस्सा कशावर मोजतात याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

तुमच्याकडे आधीच ४० सर्व्हरचा प्लॅन असेल आणि ब्रोकरने तोही स्वतःच्या कामगिरीत मांडला, तर तुम्ही जे आधीच वाचवत होता त्यावर त्याला हिस्सा देऊ लागता. एडब्ल्यूएसकडून वेगळी वाटाघाटीची सवलत असेल तर मोजणी जाहीर भावापासून नको, तुमच्या भावापासून हवी. आणि वाया गेलेले तास आधी वजा व्हायला हवेत. ‘प्लॅनमुळे मिळालेली सवलत’ यावर २० टक्के आणि ‘निव्वळ बचत’ यावर २० टक्के यांत मोठं अंतर असतं: शंभर सर्व्हरच्या उदाहरणात निव्वळ बचत उणे ४८० आहे, पण ‘मिळालेली सवलत’ रोजची ४,७०४ रुपये दाखवता येते. त्यावर २० टक्के म्हणजे तुम्ही तोट्यात असताना ब्रोकरला रोज ९४० रुपये. करारात ‘निव्वळ’ हा शब्द आणि त्याचं सूत्र दोन्ही हवं, आणि उणे महिना पुढच्या महिन्याच्या हिशेबात ओढला जाईल असंही.

परवानग्या देताना हात आखडता ठेवा. बिलाचा डेटा वाचायची परवानगी आणि प्लॅन खरेदीची परवानगी, एवढंच पुरतं. रोल (परवानग्यांचा संच) देताना एक्स्टर्नल आयडी, म्हणजे त्या ब्रोकरपुरता ओळख-कोड, लावा, आणि सरसकट ॲडमिन रोल मागणाऱ्याला दाराबाहेर ठेवा. क्लाउडट्रेलवर (खात्यातल्या हालचालींच्या नोंदवहीत) खरेदीची घटना घडली की मेल येईल असा अलर्ट लावा, कारण चूक दुरुस्त करायची एक छोटी खिडकी आहे: तासाला १०० डॉलर किंवा त्याहून कमी वचनाचा सेव्हिंग्ज प्लॅन सात दिवसांत परत करता येतो, पण त्याच कॅलेंडर महिन्यात. २९ तारखेला चुकून घेतलेल्या प्लॅनला सात दिवस मिळत नाहीत, महिना संपला की खिडकी बंद. ब्रोकरला ‘खरेदी महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांतच’ अशी अट घाला. सवलत तीच राहते, परतीची सोय मिळते.

एकरकमी मोठी खरेदीही टाळायला सांगा. गरज ४० सर्व्हरची असेल तर दर तीन महिन्यांनी १० बांधावेत. मग दर तिमाहीला एक तुकडा संपत राहतो आणि मधे प्रॉडक्ट बंद पडलं किंवा टीमने ग्रॅव्हिटॉनवर (एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या चिपच्या मशीनवर) जायचं ठरवलं तर वाकायला जागा राहते. सॉफ्टवेअर मागचा वापर बघून पुढचं सुचवतं. कॉस्ट एक्स्प्लोररची फुकट शिफारस गेल्या ७, ३० किंवा ६० दिवसांवर चालते, ब्रोकरचं यंत्र त्याहून हुशार असेल, पण पुढच्या महिन्यात तुमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जाणार आहे हे दोघांनाही माहीत नसतं. ते तुम्हालाच सांगावं लागतं.

उदाहरणातल्या कंपनीला २० टक्के हिश्शाने महिन्याला सुमारे १६,००० रुपये फी पडेल, वर १८ टक्के जीएसटी. बचत ८०,६४० रुपये. चाळीस सर्व्हरचा तळ इतका सपाट असेल तर हे काम कॉस्ट एक्स्प्लोरर उघडून तिमाहीला अर्ध्या तासात स्वतःच होतं, मग फी कशाला? वापर दर आठवड्याला बदलत असेल, दहा-बारा खाती असतील, तर मात्र ही सेवा आपली फी वसूल करून देते.

तिसरी सेवा: परत घेण्याची हमी

सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कमी समजून घेतली जाणारी. ब्रोकर तुमच्या खात्यात तीन वर्षांचा प्लॅन घ्यायला लावतो, समजा ५० टक्के सवलतीचा. त्यातले ३० टक्के तुम्हाला, २० टक्के त्याला हमीचा हप्ता. बदल्यात तो म्हणतो: ३० दिवसांची नोटीस द्या, पुढचे न वापरलेले तास आमचे.

त्याच्या बाजूने मांडून बघा. दर १०० रुपयांच्या वापरामागे तुम्ही एकंदर ७० देता, त्यातून एडब्ल्यूएसचे ५० भागतात. वापर थांबला की तुमच्याकडून काही येत नाही, ५० मात्र जातच राहतात. ३६ महिन्यांपैकी जवळजवळ २६ महिने तुम्ही टिकलात तरच त्याला तोटा नाही. एवढी लांब जोखीम घेणारा माणूस तुमचा वर्षभराचा वापर, गिऱ्हाइकांची यादी, निधीची स्थिती विचारल्याशिवाय राहणार नाही, काहींना तर नकारच देईल. जो काहीच न तपासता पहिल्या बैठकीत सही मागतो त्याने जोखीम घेतलेलीच नसते. हमीच्या कलमात ‘योग्य कारणास्तव’, ‘परस्पर संमतीने’, ‘मार्केटप्लेसवर विक्री झाल्यास’ असे शब्द शोधा, सापडतीलच.

त्यातलं शेवटचं कलम तर मखलाशीच आहे. सेव्हिंग्ज प्लॅन मार्केटप्लेसवर विकताच येत नाहीत, कन्व्हर्टिबल (मधे प्रकार बदलता येणारे) आरआयही नाहीत. विकता येतात ते फक्त स्टँडर्ड आरआय, तेही घेऊन किमान ३० दिवस झाल्यावर आणि मुदतीचा किमान महिना शिल्लक असताना. विक्रीच्या रकमेवर १२ टक्के शुल्क, आणि पैसे जमा व्हायला अमेरिकेतलं बँक खाते हवं. पुण्या-नाशिकच्या किती कंपन्यांकडे ते असतं? वर मशीनची नवी पिढी आली की जुन्या फॅमिलीचा आरआय घ्यायला कोण येणार!

हमी खरी असेल तर तिच्यामागे कोण आहे ते विचारा: विमा कंपनी की फक्त ब्रोकरचा ताळेबंद? पैसे क्रेडिट नोटने मिळणार की बँकेत? किती दिवसांत? आणि एडब्ल्यूएसने नियम बदलले तर हमी टिकते का? १ जून २०२५ च्या बदलाने हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

मत: उत्पन्न अनिश्चित असलेल्या, पण वापर मोठा असलेल्या स्टार्टअपला खरोखर उपयोगाची; हमीची कलमं वकिलाने वाचल्याशिवाय हात लावू नये अशी.

एडब्ल्यूएसबाहेर

अझुरवर ब्रोकरची गरजच थोडी कमी भासते, कारण मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हेशन परत घेतं: बारा महिन्यांच्या सरकत्या खिडकीत ५०,००० डॉलरपर्यंत, आणि आजमितीस त्यावर दंड लावत नाही. अझुरचा सेव्हिंग्ज प्लॅन मात्र रद्द होत नाही, त्यामुळे ब्रोकर त्या दोन्हींतलं काय विकतो आहे ते नीट बघा. गुगल क्लाउडचे कमिटेड यूज करार रद्द करता येत नाहीत. लवचिक कम्प्यूट करारावर एक वर्षाला २८ आणि तीन वर्षांना ४६ टक्के सवलत आहे, म्हणजे वजाबाकी करायची तर वर्षाच्या करारावर बिंदू पुन्हा ७२ टक्क्यांवरच येतो.

‘मॅनेज्ड स्पॉट’ विकणारेही याच रांगेत येतात. स्पॉटवर, म्हणजे क्लाउड कंपनीच्या त्या वेळी रिकाम्या असलेल्या मशीनवर, ९० टक्क्यांपर्यंत सवलत असते आणि जोखीम वेगळी असते: एडब्ल्यूएस दोन मिनिटांची सूचना देऊन मशीन काढून घेतं, गुगल आणि अझुर तर ३० सेकंदांची. बिल्ड, व्हिडिओ ट्रान्सकोडिंग, रात्रीचे रिपोर्ट यांना चालतं, डेटाबेसला नाही. ब्रोकरने सगळा भार एकाच फॅमिलीवर ठेवला असेल तर गर्दीच्या वेळी सगळी मशीन एकदम जाऊ शकतात. किमान सात-आठ प्रकार आणि रीजनमधले सगळे झोन (वेगवेगळी डेटा सेंटर) वापरतो का ते कॉन्फिगरेशन उघडून बघा.

एसएलएचं, म्हणजे सेवा चालू राहण्याच्या हमीचं, कलम शेवटी वाचलं जातं, पण त्यात पैसे असतात. ईसीटूची (एडब्ल्यूएसच्या सर्व्हर सेवेची) रीजन पातळीवरची मासिक उपलब्धता ९९.९९ टक्क्यांखाली गेली तर १० टक्के क्रेडिट, ९९ खाली ३० टक्के, ९५ खाली पूर्ण. दावा करावा लागतो, तोही घटनेनंतरच्या दुसऱ्या बिलिंग सायकलच्या अखेरीपर्यंत, आणि रीसेलरच्या रचनेत क्रेडिट त्याच्या खात्यात उतरतं. २० ऑक्टोबर २०२५ ला व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएसवरून (नावावरून पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेवरून) कित्येक तास सेवा अडखळल्या होत्या. तसं पुन्हा झालं तर दावा कोण करणार, किती दिवसांत, आणि मिळालेलं क्रेडिट तुमच्या पुढच्या बीजकात कुठल्या ओळीत दिसणार, हे करारात नाव घेऊन असलं पाहिजे.

नियामकांच्या कक्षेतल्या कंपन्यांना आणखी एक काम. बँका आणि मोठ्या एनबीएफसी (बिगरबँक वित्तसंस्था) यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत, त्यात ब्रोकरही त्रयस्थ पुरवठादार म्हणून मोजला जाऊ शकतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. मॅनेजमेंट अकाउंट ब्रोकरचं असेल आणि तिथला क्लाउडट्रेल तुम्हाला दिसत नसेल तर त्या सहा तासांत तुम्ही कळवणार काय?

ढोबळ मापाने: महिन्याचं बिल दोन लाखांच्या आत असेल तर ब्रोकरच्या भानगडीत पडू नका, वर्षाचा छोटा प्लॅन स्वतः घ्या. पाच ते चाळीस लाखांत, बदलता वापर असेल तर बचतीत हिश्शाची सेवा, निव्वळ सूत्रावर, दोन ब्रोकरकडून कोटेशन घेऊन. त्याहून वर थेट एडब्ल्यूएसशी बोला, तिथे ब्रोकरपेक्षा तुमच्या सहीला वजन जास्त असतं. आणि कुणाशीही सही करण्याआधी गेल्या तीन महिन्यांचा तासागणिक वापर त्याच्या हातात देऊन एकच गोष्ट मागा: ब्रोकरचा प्लॅन तेव्हा असता तर प्रत्येक महिन्याचं बिल किती आलं असतं, वाया गेलेल्या तासांसकट, फीसकट. तो तक्ता दोन दिवसांत येतो की ‘ऑनबोर्डिंगनंतर दाखवतो’ असं उत्तर येतं, त्यावरून पुढची बैठक ठेवायची की नाही ते ठरवा.